कानाशी धरलेलं घड्याळ

"तारमास्तरांना बंद घड्याळ दिलंस तरी चालेल. कानाला लावतील आणि म्हणतील, मस्त चालतंय."

शिवाजीनगरच्या घड्याळदुकानात दुकानदार हे शेजारी बसलेल्या, पट्टे विकणाऱ्या माणसाला म्हणाला. आवाज जराही खाली न आणता. तारमास्तर म्हणजे माझे वडील, अण्णा, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. डोळ्याला भिंग लावून एका चांदीच्या मनगटी घड्याळाच्या झाकणाची आतली बाजू वाचत होते. पट्टे विकणारा हसला, मग माझ्याकडे लक्ष गेल्यावर त्याने तोंड फिरवलं.

दुकानदार बेळगावकडचा. आमचं शहर कानडी. बाजारात घड्याळवाले पुष्कळ होते, पण इथे मराठीत बोलता येतं म्हणून अण्णा यायचे.

अण्णांनी मान वर केली ती आनंदाने. झाकणाच्या आत चांदीचा शिक्का होता आणि त्याच्या बाजूला एक बारीक अक्षर. त्या अक्षरावरून घड्याळाचं वय ठरतं, हे त्यांनी मला शाळेत असतानाच शिकवलं होतं. हे पहिल्या महायुद्धातलं होतं. पट्टा अडकवायला तारेच्या कड्या, पांढरी तबकडी, तिच्यावर केसाएवढी एक चीर. कुणी गोरा अधिकारी कॅन्टोन्मेंट सोडून जाताना विकून गेला असेल. असं घड्याळ ते कितीतरी दिवस शोधत होते. ते घेऊन आम्ही बसने घरी आलो. वाटेत ते त्या चिरेबद्दल बोलत राहिले. तबकडी नवी रंगवून घेणारे लोक अडाणी, असं त्यांचं मत होतं.

अण्णा तारखात्यात होते. यंत्राच्या कट्ट-कट्टमधून ते सरळ अक्षरं ऐकायचे आणि ऐकता ऐकता लिहून घ्यायचे. मुदतीच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा डोळे थकले असं घरात सांगितलं. ज्याचे डोळे थकले तो माणूस दिवसभर भिंग लावून जुनी स्विस घड्याळं उघडून बसतो, याचं आम्हाला नवल वाटायला हवं होतं. आईला वाटलंही असेल. ती त्यांच्याशी ओरडून बोलायची, मग थकली. पुढेपुढे जेवायला बोलवायचं तर नुसता खांद्याला हात लावायची.

माझा आवाज घरात सगळ्यांत हळू. शाळेतल्या सिस्टरांनी हळू बोलायला शिकवलं आणि मला ते सोयीचं होतं. अण्णांच्या कानातून सगळ्यांत आधी माझाच आवाज गेला असणार. मी मुळातच इतकं कमी बोलायची की तो कधी गेला, ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

घड्याळ धुऊन, तेल घालून, जोडून झालं की खरं काम उरतं ते कानाचं. टिक आणि टिक यांच्यात सारखं अंतर हवं. एक लांब आणि एक आखूड पडली तर अण्णा म्हणायचे, लंगडतंय. मग आतली केसासारखी स्प्रिंग एवढीशी फिरवायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. लंगडणारं घड्याळ चालतं, पण आडवं ठेवलं की केव्हातरी थांबतं.

एके दिवशी त्यांनी घड्याळ माझ्या कानाशी धरलं आणि विचारलं, "सरी?" कानडीत, सरळ आहे ना, अशा अर्थाने. मी मान हलवली. तेव्हा ते खरोखरच सरळ होतं. पुढच्या वेळी तितकंसं नव्हतं. तरी मी मान हलवली. ते माझ्या चेहऱ्याकडे इतक्या आशेने बघत होते की दुसरं काही सुचलं नाही. त्यानंतर प्रत्येक घड्याळाला मी मान हलवत गेले, घरी आणि रविवारी दुकानात दाखवायला नेलं की तिथेही, आणि ते घड्याळ कापसावर ठेवून खणात गेलं.

रोज सकाळी त्या घड्याळांना किल्ली द्यायचं काम माझं होतं. अण्णा खण उघडायचे तर एखादं थांबलेलं असायचं, मग दोन, मग जवळजवळ सगळीच. किल्ली दिलेली असूनही मी सांगायची, द्यायला विसरले. बोटाने किल्ली फिरवल्यासारखं करून, मग मान खाली घालून सांगायची, म्हणजे त्यांना समजायचं. ते रागावत नसत. "एवढंसं काम," म्हणायचे, आणि स्वतः एकेकाला किल्ली द्यायला बसायचे.

चांदीच्या घड्याळाचं काम बरेच आठवडे चाललं. एकदा दुपारी मी चहा घेऊन गेले तर अण्णा पाठमोरे बसले होते. घड्याळ त्यांनी दातांत धरलं होतं. डोळे मिटलेले, हात मांडीवर. हाडातून काही पोचतंय का बघत होते. मी चहा तसाच परत नेला. आईने विचारलं, का गं? मी म्हटलं, झोपलेत.

म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी ते घड्याळ त्यांनी माझ्या कानाशी धरलं नाही. मला वाटलं, आता सोडून देतील. पण रविवारी कोट घालून म्हणाले, चल, त्याला दाखवून येऊ.

दुकानात पट्टे विकणाराही होता. अण्णांनी रुमाल उलगडून घड्याळ काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने ते कानाला लावलं. "फस्टक्लास, तारमास्तर!" तो मोठ्याने म्हणाला आणि त्याच दमात, तसंच हसत, शेजाऱ्याला म्हणाला, "ऐक ऐक. दारू प्यायल्यासारखं चालतंय." शेजाऱ्याने ऐकलं आणि रुमालात तोंड खुपसलं. दोघं हसतायत म्हणून अण्णाही हसले.

"आता अक्काला विचारा," दुकानदार माझ्याकडे बोट करत म्हणाला. मी मान हलवणार हे त्याला माहीत होतं. इतके रविवार तो ते बघत आला होता.

अण्णांनी घड्याळ माझ्या कानाशी धरलं. त्यांची बोटं माझ्या केसांना लागत होती.

"तू सांग," ते म्हणाले. "तुझा कान माझ्यासारखा आहे."

लांब, आखूड. लांब, आखूड. मान हलवली असती तर आम्ही घरी गेलो असतो आणि हे खणात गेलं असतं. पुढच्या रविवारी दुसरं घड्याळ घेऊन पुन्हा इथेच आलो असतो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. हळू बोलून उपयोग नव्हता. अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल, रस्त्यावर जाईल, एवढ्या आवाजात मी म्हणाले,

"लंगडतंय, अण्णा. सगळीच लंगडतायत."