परत लावलेला कौल

मी नेमकं काय शिकवते, हे दादाला आजवर समजावता आलेलं नाही. शाहूपुरीत त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथं तो गिऱ्हाइकांना सांगतो, "आमची बहीन शास्त्रज्ञ हाय." मी शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञ एखादी गोष्ट खरी मानतात ती कशाच्या जोरावर, याचा विचार करणं हा माझा विषय, आणि विद्यापीठात मी तोच शिकवते. पहिल्याच तासाला मुलांना बजावते, काय दिसलं तर आपलं म्हणणं चुकलं असं मानायचं, ते प्रयोगाआधी ठरवा. निकाल उलटा आल्यावर सबबी शोधू लागलात, तर त्याला विज्ञान नाही, हट्ट म्हणतात. हे सांगताना माझा आवाज चढतो म्हणे.

गेल्या वर्षी दादाला बायपास सांगितली. "देवीला इचारल्याबिगर न्हाय," तो म्हणाला. आमच्या घरात लग्न असो, विहीर असो, कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. कळंब्याच्या पलीकडे आमच्या देवीचं देऊळ आहे. गुरव मूर्तीला दोन ओल्या कळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली.

दादाने मुकाट्याने टोपी घातली. वहिनीने तोंडाला पदर लावला. माझं डोकं असं फिरलं, की मी उठून थेट गुरवालाच म्हटलं, "प्रश्नच चुकलाय तुमचा. ऑपरेशन करू का, असं मोघम काय विचारता? देवी त्या दवाखान्याला नको म्हणत असेल. दुसऱ्या दवाखान्याचं विचारा." गुरवाने दादाकडे पाहिलं, दादाने मान हलवली. या खेपेला उजवी पडली आणि दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशन नीट पार पडलं. वर्गात मी जिला नावं ठेवते तीच ही सबब, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दादा वाचला. मला त्याची तिळभरही लाज वाटत नाही.

परवा दुपारी वहिनीचा फोन आला. दादाने हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. "अंगात त्राण ऱ्हात न्हाय म्हणत्यात. परस्पर जाऊन कौल लावून आले. उजवी पडली म्हणं."

मी तशीच उठून दुकानात गेले.

"दादा, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलास? गोळ्या सोडल्यास तर पुन्हा झटका यायची भीती आहे."

"कौल हाय."

"एका कळीवर जीव टांगतोस?" गिऱ्हाइकांसमोरच मी ओरडले.

"आरडू नगंस. ऑपरेशनच्या टायमाला कौल खरा व्हता, आणि आता खोटा व्हय?"

तेव्हाही ती नुसती ओली कळीच होती, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलले असते तर ऑपरेशनच देवीच्या मनाविरुद्ध झालं, असं त्याने धरलं असतं, आणि मग डॉक्टरांचं तोंडही पाहिलं नसतं. आयुष्यभर वाद घालून पोट भरणारी मी, मला दुसरं काही सुचेना. "प्रश्न चुकला असेल," मी म्हटलं. "परत लावू."

दादा हसला. "लावू की. उद्या सकाळी. पर प्रश्न मी इचारणार. गोळ्या बंदच ठेवू का, एवढाच. एकदाच. पडंल ते मान्य, तुलाबी."

माझ्या पहिल्या तासाचा धडाच त्याने माझ्यापुढे ठेवला होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि मला भयंकर भीती वाटली.

संध्याकाळी गाडी काढून मी एकटीच देवळात गेले. गुरव समई पुसत होता. इकडचं तिकडचं काही न बोलता मी सांगून टाकलं, "उद्या उजवी कळी चांगली भिजवून लावा, म्हणजे टिकेल. डावी जरा सुकी असू दे, म्हणजे तीच आधी पडेल."

त्याचा हात थांबला. "मॅडम, तुमच्या शास्त्रात चालतं व्हय असलं?"

"नाही चालत," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "पण भाऊ आहे हो माझा."

त्याने समई जागेवर ठेवली.

"आमच्यातबी न्हाय चालत," तो म्हणाला. "सकाळी लवकर या, भावाच्या आधी."