चिखलात न उतरलेला परीक्षक

एका संशोधनपत्रिकेने तपासायला पाठवलेल्या निबंधावर मी शेरा मारला होता, ‘लेखक स्वतः चिखलात उतरलेला दिसत नाही.’ शिवाय माझेच तीन निबंध संदर्भांत घ्यायला सुचवलं होतं. विषय खाडीकाठच्या खारफुटीचा, म्हणजे माझा. आणि त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. लिहिणारा कोण हे तपासणाऱ्याला कळत नाही, तपासणारा कोण हे लिहिणाऱ्याला. त्या आडोशाला बसून मी दगड मारला. मी स्वतः दहा वर्षांत खाडीत पाय ठेवला नव्हता.

पंधरा दिवसांनी घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये, माझ्याच विभागातली तरुण सहकारी समोर येऊन बसली. हातात माझा शेरा.

“चिखलात उतरले नाही म्हणे! सर, विक्रोळीच्या खाडीत कालवाच्या शिंपल्याने टाच फाटली, चार टाके पडले. ह्याला टाच स्कॅन करून पाठवू?”

मी हसलो. हसायला नको होतं.

“आणि तुमचे तीन पेपर वापरायला सांगितलेत. फॅन दिसतोय तुमचा. पण तिसरा तर गोड्या पाण्यातल्या शेवाळाचा आहे ना?”

“हो.”

“मग संबंध नाही, असं लिहू? चिडला तर? महिनाअखेरपर्यंत पेपर स्वीकारला गेला नाही, तर माझी पीएचडीची मुदत संपते.”

“लिही. नाही चिडणार.”

“तुम्हाला काय माहीत?”

पेन कागदावर टेकवून ती माझ्याकडे बघत होती.

“मीच आहे तो.”

तिने पेनाला टोपण लावलं.

“मी आजच संपादकांना कळवतो,” मी म्हणालो. “शेरा मागे घेतो, सगळं सांगतो.”

“मग ते दुसरा परीक्षक नेमणार. पुन्हा पहिल्यापासून.” तिने कागद गोळा केले. “तुमचं मन मोकळं झालं, सर. माझा महिना गेला.”

तरीही मी कळवलं. न कळवता तिचा निबंध पास करणं हाही आडोसाच झाला असता. दुसरा परीक्षक नेमला गेला, आणि मुदत उलटली.

मुदतवाढीच्या अर्जाला विभागातल्या आम्हा दोन ज्येष्ठ शिक्षकांपैकी एकाची शिफारस लागते. मी सकाळपासून टेबलाशी बसून होतो. अर्ज घेऊन ती माझ्यासमोरून गेली आणि पलीकडच्या टेबलावरून सही घेऊन आली.