आलुबुखाऱ्यासाठी स्थळ

आमचे हे रुसले की त्यांना बोलतं करायचा एकच उपाय आहे: त्यांच्या डोळ्यांदेखत एखादं झाड चुकीच्या जागी लावायचं. चामोर्शीत आमच्या गल्लीत कोणी भिंतीला चिकटून लिंबाचा खड्डा खणायला घेतला, तर हे भरल्या ताटावरून उठून जातात. परसातल्या आंब्यांची कलमं यांनी स्वतः बांधलेली. शेतातल्या धानाएवढाच जीव त्या आंब्यांत.

मुलीच्या लग्नानंतरचा रुसवा मात्र लांबला. ती नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, नोकरीसाठी चंडीगडला, आणि लग्न केलं थेट हिमाचलातल्या मुलाशी. लग्नात यांनी काही कमी पडू दिलं नाही. पंगतीत फिरून फिरून पाहुण्यांना जिलेबी वाढली. पण जावयाशी बोलणं नाही. फोन आला की मुलीला "बरं आहे न सगळं?" एवढं विचारायचं आणि फोन माझ्या हातात. पलीकडून जावई "नमस्ते पापाजी" म्हणेपर्यंत हे अंगणात पोचलेले.

"बाबा अजून रागात आहेत का व आई?" मुलीने एकदा विचारलं.

"राग नाई व. तुह्या नवऱ्यासंगं बोलाले त्याईच्यापाशी विषयच नाई," मी म्हटलं. "तिकडं एखादं झाडबिड लावाचं नाई का तुमाले?"

ती खुदकन हसली. मुलगी शेवटी माझीच.

पुढच्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा हे ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, आमी घरामागं आलुबुखाऱ्याचं झाड लावून राह्यलो," ती मोठ्याने म्हणाली. "एकच. खाली नाल्यापाशी खोलगट जागा आहे न, तिथी. थंडीत आडोसा होईल त्याले."

शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "कलमाचा जोड मातीत खोल गाडजो. म्हणजे हवेनं हालत नाई."

हे आमचं ठरलेलं नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलं. यांची मान झटकन वर आली.

"काय सांगून राह्यली तू तिले?"

"मले काय समजते? अन् तुमाले तरी काय समजते? तिकडं बरफ पडते. आलुबुखाऱ्याचं झाड पाह्यलं का तुमी कधी?"

हे शेंगा तशाच टाकून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी "डोळे दाखवून येतो" म्हणून एसटीने गडचिरोलीला गेले. डोळे काही दाखवले नाहीत. शेतीच्या ऑफिसात जाऊन बसले आणि आलुबुखारा कसा लावतात ते विचारलं. तिथल्या तरण्या साहेबाला वाटलं, म्हातारबुवांचं डोकं फिरलं.

"काका, आपल्याइथी उन्हाळ्यात माणूस वाळून जाते. आलुबुखारा कसा जगंल?"

"मले इथी नाई लावाचा," हे म्हणाले. "बरफात लावाचा आहे."

ही गोष्ट यांच्या आधी गावात पोचली. बसस्टॅंडवर उतरताच पानठेल्यावरून हाक आली, "काऊन भाऊ, वावरात बरफ पाडून राह्यले म्हणते?"

"हो. ये न वाटी घेऊन," हे म्हणाले आणि तडक घरी आले.

मी चुलीवर भाकरी टाकत होते. यांनी टोपी काढली नाही, पाणी घेतलं नाही. "फोन लाव."

"कोणाले?"

"जवायाले. तुले नाई समजाचं हे."

हसू दाबायच्या नादात मी बोट तव्याला लावून घेतलं.

फोन लागला. "नमस्ते पापाजी" पूर्ण व्हायच्या आत यांनी आपल्या गडचिरोली हिंदीत सुरुवात केली. "देखो जी, वो नाले के पास बिलकुल नहीं लगाना. ठंडी हवा पानी जैसी रहती. उतार से बहके खड्डे में जाके बैठती. झाड फुलपे आया और पाला, याने जमा हुआ दव, पडा तो सब फूल जल जाते. ऊपर उतार पे लगाओ, जोड मिट्टी के ऊपर रखके. और एक नहीं, दो लगाओ, अलग अलग जात के. अकेला रहेगा तो खाली फूल दिखाएगा, फल नहीं देगा."

"अच्छा जी?" जावई इतक्या भोळेपणाने म्हणाला की क्षणभर मलाही खरं वाटलं. "ये तो हमें पता ही नहीं था!"

मग झाड निवडायचा कार्यक्रम झाला. जावई नर्सरीत गेला आणि व्हिडिओ कॉल लावला. इकडे आमच्या ओसरीवर शेजारच्या बाया जमल्या. हिवाळ्यात आलुबुखाऱ्याच्या रोपाला पान नसतं, नुसत्या काड्या. जावई एकेक काडी कॅमेऱ्यासमोर धरी आणि हे नाक मुरडत. "ये नहीं. इसका जोड सूजा हुआ है. दूसरा. पलटाओ. जडें दिखाओ." नर्सरीवाल्याच्या कपाळावरच्या आठ्या चामोर्शीपर्यंत दिसत होत्या.

शेवटी फ्रंटियर नावाच्या जातीचं एक सरळसोट रोप पसंत पडलं.

"आता त्याच्यासाठी स्थळ पाहा," मी म्हटलं.

"पाहाच लागते," हे गंभीरपणे म्हणाले. "दोघाईचा फुलोरा एकाच टायमाले आला पाहिजे."

नर्सरीवाल्याने सांता रोझा ही जात सुचवली. शेजारच्या बाईने पुढे वाकून विचारलं, "सांताबाई का? घराणं चांगलं आहे न भाऊ?" ओसरी हसून लोळली. यांनी मात्र सांताबाईची मुळं दोनदा तपासून घेतली आणि मगच होकार दिला.

रोपं लावायच्या दिवशी घोळ झाला. यांनी दाखवलेल्या उतारावर जावयाने खड्डे भरले, जोड मातीच्या वर ठेवला, आणि आनंदाच्या भरात फोन गर्रकन फिरवला. त्याच्या मागे अख्खा डोंगर होता, आणि डोंगरभर रांगांनी उभी असलेली निष्पर्ण झाडं.

"वो पीछे क्या है?" यांनी विचारलं.

जावई कानापर्यंत लाल झाला. मुलगी फोनच्या चौकटीतून पळाली. शेवटी विहीणबाईंचाच आवाज आला, हसू आवरत नसलेला. "भाईसाहब, वो भी आलूबुखारे ही हैं. हमारे ससुरजी के हाथ के."

मला एकदम चुलीवर दूध ठेवल्याचं आठवलं.

आतून मी कान लावून होते. मग हे म्हणाले, "तुम्हारा पूरा बगीचा है, फिर भी मैंने बोला वैसाच लगाया?"

"जी पापाजी. जगह आपने सही बताई थी."

"हूं," हे म्हणाले, आणि फोन ठेवला. माझ्याशी मीठ मागण्यापुरतंही बोलले नाहीत. मी भाजीत मुद्दाम मीठ कमी घालून पाहिलं. तसंच जेवले.

रविवारी यांनी स्वतः फोन लावला. "जवाईबापू," आवाज साखरेत घोळलेला, "इस साल कौनसा धान लगाऊं? हमको तो कुछ समजतच नाई."

मला वाटलं, उट्टं काढलं आणि संपलं. पण जावई पडला सरळ माणूस. त्याने कुठून कुठून वाचून काढलं, दर रविवारी धानाची बांधी, म्हणजे खाचर, कशी आहे, पाणी किती थांबतं ते विचारायला लागला. हे त्याला मुद्दाम उलटसुलट सांगत, तो पुन्हा विचारी, मग यांनाच राहवेना आणि खरं सांगत बसत. भाकरी थंड होई.

धानाच्या रोवणीच्या वेळी तो रजा काढून आलाच. यांनी त्याला रोवणाऱ्या बायांपुढे नेऊन उभं केलं. "हे आमचे धानाचे साहेब. याईले विचारून रोवा." साहेबांनी बांधीत पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत रुतले. बाया हसून हसून वाकल्या. हे धुऱ्याच्या बांधावरून ओरडत होते, "सीधी लाईन में! सीधी!" तो ओढून काढलेला एक पाय हातात धरून चप्पल शोधत होता. मी त्याचा व्हिडिओ काढला आणि विहीणबाईंना पाठवून दिला.