तळ्याचा बारा फुटी फोटो

त्याला सगळे तिपाई म्हणायचे, कारण कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडशिवाय तो घरातून पाऊल टाकत नसे. कॅमेरा भारीतला, एकसष्ट मेगापिक्सेलचा, दूरचा माणूसही मोठा करून ओळखता येईल असा. कापड रंगवायच्या कारखान्यावर टँकर चालवणाऱ्या थोरल्या भावानं हौसेनं घेऊन दिलेला. त्यावर तिपाई तळी, डोंगर, माळ असे लांबलचक देखावे काढायचा. कॅमेरा उभा धरून जरा जरा वळवत वीसेक फोटो घ्यायचे, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा यायलाच हवा, मग घरी कॉम्प्युटरवर सगळे जोडायचे. गडी कामाला चोख, पण एक खोड होती. देखाव्यात तार, खांब, कचरा दिसला की हा नाक मुरडायचा आणि तेवढं पुसून टाकायचा. म्हणायचा, "भिंतीवर उकिरडा कोण लावतो?"

पाणीपुरवठा कचेरीनं दर्शनी भिंतीवर लावायला तळ्याचा बारा फुटी फोटो मागितला. गावभर पाणी त्याच तळ्याचं. वारा पडायची वाट बघण्यात तिपाईच्या चार सकाळी गेल्या. पाचव्या दिवशी एकदाचे एकोणीस फोटो मिळाले.

घरी येऊन तो जोडलेल्या फोटोंचे सांधे तपासायला बसला. पलीकडच्या काठावर पांढरा फेस होता. तो नेहमीचाच, कॅलेंडरांसाठी काढलेल्या तळ्याच्या फोटोंतून तिपाई तो तीन वर्षं पुसतच आला होता. पण या खेपेला फेसाजवळ एक टँकर उभा, त्याचा पाइप पाण्यात, आणि त्यातून गडद जांभळं काहीतरी पडतंय. शी! पुढच्या फोटोत ड्रायव्हर बाटलीतल्या पाण्यानं हात धूत होता. हातभर अंतरावर अख्खं तळं, आणि हा बाटली उघडतो! तिपाईनं चेहरा मोठा करून पाहिला. दादा होता.

तीन वर्षं घरात प्यायला विकतच्या पाण्याचे कॅन का येतात, हे तिपाईला आता कळलं. वहिनी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "यांना आमच्या तब्येतीची किती काळजी!" कसली काळजी, कपाळ! गावाला विष पाजायचं आणि आपल्या पोरांना तेवढं स्वच्छ.

दुपारी दादा जेवायला आला, तसा तिपाईनं पडदा त्याच्याकडे वळवला. दादानं पाहिलं आणि तोंड वर करून म्हणाला, "मग? साहेब सांगतात, मी सोडतो. मी नाही सोडलं तर दुसरा सोडेल. पूस ते."

"दादा, लोक पितात हे!"

"आलाय मोठा साळसूद! तीन वर्षं माझ्यामागं फेस कोण पुसतंय? आणखी एकदा पूस."

तिपाईला भावाचा संताप आला होताच, पण त्याहून स्वतःची किळस वाटत होती. तो फेस त्यानं इतका मोठा करून पाहिला होता, आणि हा येतो कुठून, असं एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

वहिनी ताट घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ताट तिथंच जमिनीवर ठेवून तिनं विचारलं, "अहो, माझे आईबाबा तेच पाणी पितात. ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"त्यांना सांगितलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता," दादा पुटपुटला.

वहिनी कॉम्प्युटरजवळ आली. पडद्यावरच्या नवऱ्यावर तिनं बोट ठेवलं.

"भावजी," ती म्हणाली, "बारा फुटांत यांचा चेहरा ओळखू येईल ना? नसेल येत, तर अजून मोठा काढा."