केवलराम मिस्त्री आणि पश्चिमेची भिंत

आमच्या सालेकसा भागात घराची कोणती भिंत आधी जाते, हे कोणालाही विचारा, बोट पश्चिमेकडेच जाईल. झडीचा पाऊस तिकडूनच येतो आणि लागला की आठ-आठ दिवस एकाच भिंतीला झोडपतो. म्हणून मिरगाच्या आधी त्या मातीच्या भिंतीवर बांबूच्या ताट्या बांधायच्या आणि दिवाळीपूर्वी सोडायच्या, अशी आमची रीत. केवलराम मिस्त्रीनं ही रीत पाच-सात गावांतून जवळजवळ मोडून काढली.

पंचवीस वर्षं त्यानं मातीच्या भिंतींवर सिमेंट चढवलं. आधी जाळी ठोकायची, त्यावर जाड गिलावा, वरून गुलाबी नाहीतर पोपटी रंग. लांबून पाहणाऱ्याला विटांचं घर वाटावं. काम चोख. ओळंबा लावल्याशिवाय थापीला हात नाही. बोलणं मात्र फटकळ. कोणी ताट्या बांधताना दिसला की सायकल थांबवून म्हणायचा, "काय गा, घराले लुगडं नेसवून राहिला का?" एवढं ऐकल्यावर तो माणूस पुढच्या साली सिमेंटची पोती आणायचाच. ताटी म्हणजे गरिबी, हे केवलरामनं लोकांच्या मनात पक्कं बसवलं.

मग काही वर्षांनी भिंती फुगायला लागल्या. लोक बोलावत, तो भेग भरून येई. पहिल्यांदा म्हणाला, माती वाईट होती. दुसऱ्यांदा म्हणाला, रेती वाईट होती. तिसऱ्या घरी त्याला कळलं. बारीक भेगेतून वरून पाणी शिरतं, जमिनीतून खालून ओल चढते, आणि सिमेंटनं तोंड दाबलेल्या मातीला ती बाहेर टाकता येत नाही. हे त्याला कळलं, पण त्यानं कोणाला सांगितलं नाही. फक्त मातीच्या घरांची कामं घेणं बंद केलं आणि गोंदियाजवळ फुलचुराकडे विटांच्या नव्या घरांवर जायला लागला. तिथं त्यानं एक नवी तऱ्हा पाहिली. भिंतीवर आधी पट्ट्या ठोकायच्या, त्यावर सिमेंटचे पातळ बोर्ड कसायचे, आणि मध्ये दोन बोटं जागा मोकळी ठेवायची, म्हणजे हवा खेळून भिंतीतली ओल सुकते.

यंदा वैशाखात त्याचे ईवाई यादोराव यांचा फोन आला. केवलरामची लेक हर्षा त्यांच्या घरी दिलेली. यादोरावांची धानाची शेती आणि घराला लागून किराणा दुकान. हर्षाची खोली नेमकी पश्चिमेच्या भिंतीला. ती आणि तिची दीड वर्षाची पोरगी त्याच भिंतीशी झोपतात.

"ईवाई," यादोराव म्हणाले, "घरात मिस्त्री असून आमची भिंत काऊन उघडी? तुमच्याच हातचा गिलावा पायजे."

केवलराम गेला. ओसरीतल्या खाटेवर यादोरावांनी गोंदियाहून आणलेले नमुने मांडून ठेवले होते. लाकडासारखं दिसणारं प्लास्टिकचं पॅनल, दगडासारखी दिसणारी टाईल. बाजूला सिमेंटची पोतीही रचून तयार.

केवलरामनं पॅनल हातात घेऊन वाकवलं. "हे दोन उन्हाळ्यात पापडासारखं होते."

"अन् टाईल?"

"मातीवर टाईल धरत नाही. खाली गिलावा लागते."

"मंग गिलावाच करा ना जी. तुमालेच तर बलावलं."

केवलरामनं पट्ट्या, बोर्ड आणि मधली मोकळी जागा समजावून सांगितली. यादोराव शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे ताटीच ना? साऱ्या मुलखाले सिमेंट, अन् ईवायाले ताटी."

आतून सुशिलाबाई, यादोरावांची बायको, म्हणाली, "त्याईले वेळ नसन तर सांगा म्हणा. गोंदियाचा मिस्त्री पाहू."

हर्षा पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होती. बापाची आणि सासऱ्याची बोलणी चालू असताना तिनं बोलायचं नसतं. केवलरामला काहीही कारण सांगता आलं असतं. कंबर दुखते म्हणाला असता, कोणीही मानलं असतं. पण आठ दिवसांत दुसरा कोणी येऊन तोच गिलावा मारून गेला असता, आणि चार-पाच सालांनी एखाद्या झडीत ती भिंत पोरीच्या अंगावर आली असती.

"गाडी काढा," तो म्हणाला. "घनश्यामच्या घरी चला."

घनश्याम केवलरामच्या गावचा. त्याची पश्चिमेची भिंत केवलरामनं दहा वर्षांपूर्वी केलेली, गावात नावाजलेली. केवलरामनं भिंतीवर हातोडी वाजवली. बद्द आवाज आला. मग काही न विचारता छिन्नी लावली आणि टोपल्याएवढा पापुद्रा खाली पाडला. आतली माती वैशाखातही ओली होती. बोटानं उकरून त्यानं ती यादोरावांच्या हातावर ठेवली. मागून उधई, म्हणजे वाळवी, निघाली.

"हे माह्या हातचं काम हाय," केवलराम म्हणाला.

घनश्याम जेवण सोडून, उष्ट्या हातानं बाहेर आला होता. त्यानं भोक पाहिलं, मग केवलरामकडे. "तुले कधीपासून मालूम हाय?"

"चार साल झाले."

"अन् आता सांगून राहिला. स्वतःच्या पोरीची भिंत निघाली तवा."

केवलराम म्हणाला, "हो."

यादोरावांनी हातावरची माती झटकली. परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "बोर्ड कुठं भेटते?"

केवलरामनं ते काम एकट्यानं केलं. जुने सागवानी फाटे चिरून उभ्या पट्ट्या काढल्या, त्यांना जळकं ऑइल पाजलं. बोर्डाची प्रत्येक कापलेली कड रंगात बुडवून घेतली, कारण पाणी तिथूनच शिरतं. खाली जमिनीपासून वीतभर जागा सोडून तिथं उंदरांसाठी जाळी मारली. कोपऱ्यांना ॲल्युमिनियमची पट्टी, वर छपराच्या कवेलूंखाली उतरता पत्रा. सिमेंटची पोती यादोरावांनी गोठ्याच्या फरशीला वापरली.

इकडे गावात गोष्ट पसरायला दोन दिवस पुरले. ज्यांच्या भिंती त्यानं केल्या होत्या त्यांतले काही घरी येऊन शिव्या देऊन गेले. काहींकडे तो स्वतः सांगायला गेला, तर त्यांनी त्याला अंगणातच येऊ दिलं नाही. बकाराम नावाच्या म्हाताऱ्यानं सरळ सांगितलं, "माही भिंत चांगली हाय. तू तिले हात नोको लावू." ती भिंत चांगली नव्हती. पण पोपटी रंगाच्या आत मातीचं घर आहे, हे माणसाला पुन्हा कशाला पाहायचं असतं?

पोळ्याच्या आधी झड लागली ती सहा दिवस. सातव्या दिवशी केवलरामनं लेकीला फोन केला.

"भिंतीले आतून हात लाव."

"लावला. कोरडी हाय."

"खाली, कोपऱ्यात?"

"तिथं पण कोरडीच हाय, बाबा."

"बरं," तो म्हणाला. "ईवायाले म्हण, वरच्या पत्र्याचे खिळे एकडाव पाहून घ्या."

दिवाळीनंतर पाऊस पुरता सरला तेव्हा तो छिन्नी-हातोडी घेऊन घनश्यामच्या भिंतीचा गिलावा उतरवायला गेला. घनश्यामनं चहा विचारला नाही. खुर्ची टाकून समोर बसला, शेजारचेही चार जण येऊन उभे राहिले. केवलराम शिडी लावून वर चढला. गिलावा वरूनच काढायला घ्यावा लागतो. खालून काढला तर भिंत अंगावर येते.