मामीची पांढऱ्या फितीवाली झाडं

नात्यातल्या लोकांना मी नेमकं काय करते हे कधी समजावता आलं नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, इथपर्यंत ठीक होतं. पण पीएचडीचा विषय निघाला आणि मी सरळपणाने म्हणाले, "जेलवर काम करतेय," की समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारायचा, "म्हणजे नाशिकरोडला का?" सासऱ्यांच्या एका मित्रांनी तर तिथे कैद्यांनी केलेलं फर्निचर स्वस्तात मिळेल का, अशीही चौकशी केली. मग मी सांगायला लागले, की पाणी शोषणारा एक पदार्थ असतो. साखरेसारखे दाणे. मातीत मिसळले की पाणी पिऊन फुगतात आणि माती सुकायला लागली की हळूहळू ते मुळांना देतात. यावर बहुतेक जण म्हणायचे, "मग ते लहान मुलांच्या डायपरमध्ये असतं तेच की!" तेच. किंवा त्याचं चुलत भावंड.

डायपरमधलं ते फार दिवस मातीत तसंच पडून राहतं आणि मागे काय सोडून जातं याबद्दल शंका आहेत, म्हणून हल्ली जगभर सगळे कुजणाऱ्या जेलच्या मागे लागले आहेत. मी पहिल्यांदा एका परिसंवादाला गेले तेव्हा वाटलं, प्रत्येक जण आपापल्या घरातला केर घेऊन आलाय. कुणी संत्र्याच्या सालींपासून जेल केलं होतं, कुणी कोळंबीच्या टरफलांपासून, कुणी भाताच्या पेंढ्यापासून. कुणी त्यातच खत भरलं होतं, म्हणजे पाण्याबरोबर जेवणही. मी मक्याच्या पिठातल्या स्टार्चपासून करत होते.

ते वाळवायची कॉलेजातली भट्टी बंद पडली, तेव्हा मी ते घरी आणलं आणि गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर पसरलं. नवरा सातपूरला एका कारखान्यात पाळीवर जातो. सकाळी घरी आला तर शेजारच्या काकू कागदापाशी उभ्या. म्हणाल्या, "यंदा कुरडया लवकर घातल्या! चीक छान पडलाय हो." त्याने झोपेत "हो" म्हटलं आणि आत जाऊन आडवा झाला. दुपारी काकू दोन कुरडया तळायला न्यायला आल्या, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मी द्यायला नको म्हणून थापा मारतेय अशी त्यांची समजूत झाली, ती अजून आहे.

प्रयोगशाळेतल्या कुंड्यांवरचे प्रयोग झाल्यावर माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आता शेतात जा. खरी माती, खरं ऊन." हे सर म्हणजे अतिशय विद्वान आणि अतिशय उत्साही गृहस्थ. शेत कुठलं, तर माझ्या मामांचं. पेठच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर. पावसाळ्यात तिथे इतका पाऊस, की बोलणं ऐकू येत नाही, आणि होळीच्या सुमाराला विहिरीचा तळ दिसतो. जेलला याहून चांगली जागा नव्हती. मामांनी उतारावर आंब्याची कलमं लावायची ठरवलीच होती. मामा शब्द जपून वापरणारे. त्यांनी मान हलवली. मामींनी मात्र विचारलं, "झाडांना त्रास नाय ना होणार?"

पाऊस ओसरल्यावर आम्ही कलमं लावली. अर्ध्या खड्ड्यांत जेल घातलं आणि त्या कलमांना लाल फीत बांधली. उरलेल्या अर्ध्यांत काहीच नाही, त्यांना पांढरी फीत. पाणी सगळ्यांना सारखं आणि अगदी कमी द्यायचं, म्हणजे फरक कळेल, असं मी दोघांनाही नीट समजावलं. मामी फितींकडे बघत म्हणाल्या, "आन् यांना काहीच नाय?"

"नाही. तुलनेसाठी ठेवायची."

"तुलनेसाठी," मामी म्हणाल्या, आणि पांढऱ्या फितीच्या एका कलमावरून हात फिरवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

थंडी संपेपर्यंत मी एक-दोन रविवार आड स्कूटरवर जायचे. उंची मोजायची, पानं बघायची, यंत्राने मातीचा ओलावा तपासायचा. पहिल्यांदा फरक दिसला नाही. मग दिसायला लागला, पण उलटा. लाल फितीवाली कलमं बेताची होती आणि पांढरीवाली बाळसेदार. तांबूस कोवळी पानं, जाड दांडे. आणि माती? जेल नसलेली माती जेलवाल्या मातीपेक्षा ओली. मी यंत्र आपटून पाहिलं. नवीन यंत्र आणलं. तेही तेच म्हणालं.

सरांना सांगताना माझा चेहरा पडला होता. सर मात्र उजळले. "म्हणजे जेल मुळांचं पाणी पळवतंय!" ते खुर्चीतून उठले. मग त्यांनी एकामागून एक उपपत्त्या मांडल्या. या मातीतल्या क्षारांनी जेल आकसलं असेल. किंवा रात्रीचं दव जेल आधीच पिऊन टाकत असेल. किंवा जेल नसल्याच्या तणावाने झाडाची मुळं खोल गेली असतील आणि खालची ओल वर खेचत असतील. ही शेवटची त्यांना फार आवडली. पुढच्या परिसंवादासाठी त्यांनी तिचा गोषवारा पाठवूनही दिला, आणि म्हणाले, "फोटो पाहिजेत. मी स्वतः येतो."

सर गाडी घेऊन आले. मामींनी चहा केला, नागलीची भाकरी, लसणाची चटणी. सर उतारावर फिरले, पांढऱ्या फितीच्या कलमासमोर उकिडवे बसले आणि माती चिमटीत घेऊन हुंगली. म्हणाले, "वास येतोय. काहीतरी जैविक क्रिया चालू आहे."

मामा पहिल्यांदाच बोलले. "खरकट्याचा असंल."

"कसला?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी पदर खोचत पुढे आल्या. "भांडी घासलेलं पाणी घालते मी. आंघोळीचंबी. रोज सांजच्याला."

"सगळ्यांना?" मी विचारलं.

"सगळ्यांना कशाला? लालवाल्यांच्या पोटात तू औषध घातलंय ना? त्यांना हाय की. या पांढऱ्यांनी काय घोडं मारलं? एकाच्या ताटात वाढायचं आन् दुसऱ्याला बघत बसवायचं, हे आमच्या घरात नाय चालत."

मला रडावं की हसावं कळेना. मी म्हटलं, "मामी, तुम्ही मला सांगायचं तरी!"

"तू नको म्हणली असतीस."

हे अगदी खरं होतं. सर अजून उकिडवेच बसलेले. हातातली माती त्यांनी हळूच खाली ठेवली आणि हात झटकले. मला वाटलं, आता पीएचडी गेली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. इतके हसले, की उतारावर मागे बसकण मारली, पँटचं मागचं सगळं ओलं झालं. नेमक्या पांढऱ्या फितीच्या आळ्यात बसले होते.

गोषवारा मागे घ्यावा लागला. संयोजकांनी कारण विचारलं, तेव्हा सरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "सिंचनाचा एक स्रोत आमच्या लक्षात आला नव्हता."

परतताना मी सुचवलं, की पुढची चाचणी कॉलेजच्या आवारात घेऊ, कुलूप लावून. सर म्हणाले, "नाही. तिथेच." आणि दुसऱ्या वर्षी ते स्वतः मामींशी बोलायला आले. मी मामींना तुलनेसाठीची झाडं म्हणजे काय, हे दहा प्रकारे सांगून झालं होतं. सरांनी ते वेगळंच मांडलं. म्हणाले, "वहिनी, जे एकाला द्याल ते दुसऱ्याला द्यायचं. खरकटं पाणी दिलंत तरी चालेल, पण दोघांना तेवढंच. भेदभाव नको."

मामींना हे मनापासून पटलं. "असं आधी सांगायचं ना," त्या मला म्हणाल्या.

नवीन कलमं लावली, आणि त्या वर्षी मामींइतकी काटेकोर चाचणी कुणी घेतली नसेल. तांब्या एकच, त्याच्यावर खिळ्याने खूण. चैत्राचं ऊन लागलं आणि फरक दिसला, या वेळी सुलटा. दुपारी पांढऱ्या फितीवाल्यांची पानं माना टाकायची, लालवाली ताठ. विहिरीच्या क्षारयुक्त जड पाण्यात जेल प्रयोगशाळेतल्यासारखं फुगत नव्हतं, पण जेवढं फुगलं तेवढं पुरलं. मी हरखून गेले. आणखी महिनाभर असंच चाललं असतं, तर आकडेवारी सुरेख झाली असती.

एका सकाळी, मी तासाला उभी असताना, मामींचा फोन आला.

"तुला कळलं का, लालवाली बरी हायेत?"

"हो मामी, कळलं."

"नक्की?"

"नक्की. का?"

"मग बास आता. यांचे हाल बघवत नाय. मी पाणी घालते."

मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत पलीकडे बादलीचा आवाज आला. वर्गातली मुलं माझ्याकडे बघत होती.

झाडं सगळी जगली. आमचा लेख छापायला गेला, तेव्हा तपासणाऱ्यांनी एकच शंका काढली: हंगाम संपण्याआधी चाचणी का थांबवली? सर आणि मी त्या ओळीवर एक अख्खी दुपार घालवली. शेवटी लिहिलं, "स्थानिक कारणास्तव." उलट टपाली प्रश्न आला, की स्थानिक कारण म्हणजे नेमकं काय, ते स्पष्ट करावं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुमच्या मामी आहेत. तुम्हीच लिहा."