आमच्या घरात देव या विषयावर बंदी आहे

मागच्या महिन्यात एका रविवारी, अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या माझ्या अपार्टमेंटमध्ये, मी दोन भल्या माणसांवर ओरडले. दोघंही माझ्या मदतीलाच आली होती…

माझी चौथी केमो नुकतीच झाली होती. मी इथे एकटी राहते. शेजारी लेकाकडे राहणाऱ्या वसुधाकाकू रोज डबा देतात. डब्याबरोबर अंगारा येतो आणि "सोळा सोमवार कर गं" हेही येतं.

समीर माझा ऑफिसमधला मित्र, कट्टर नास्तिक. प्रत्येक केमोला तोच मला घेऊन जातो. पण वाटभर देव कसा नाही ते ऐकावं लागतं, शिवाय रोज दोन-तीन व्हिडिओ…

त्या दिवशी काकूंनी माझ्या मनगटाला दोरा बांधला. समीर म्हणाला, "काढ यार तो, शिकलेली आहेस ना तू?" काकू म्हणाल्या, "काढलास तर माझी शपथ आहे!"

मग जुंपलीच दोघांची. गंमत म्हणजे दोघंही एकच वाक्य म्हणत होती… "हिच्या भल्यासाठीच सांगतोय." मला मात्र उलटी येत होती, आणि मला बादली द्यावी हे कुणालाच सुचलं नाही.

बाथरूममधून तोंड धुऊन आले आणि स्पष्ट सांगितलं. "आजपासून या घरात देव आहे हे बोलायचं नाही, आणि नाही हेही बोलायचं नाही. माझं काय ते मी ठरवेन. जमत नसेल तर डबा नको, राइडही नको. मी कॅबने जाईन."

शब्द मागे घेतले नाहीत. दोघं निघून गेली. आठवडाभर कुणाचा फोन नाही… रडले, पण मीही केला नाही.

पाचव्या केमोच्या सकाळी मी खरंच कॅब बुक करत होते, तेवढ्यात खाली समीरची गाडी दिसली. मागच्या सीटवर काकू, मांडीवर पेजेचा थर्मास. त्यानेच त्यांची बेल वाजवून विचारलं होतं, येता का म्हणून.

गाडीत रेडिओ चालू होता. हायवेला लागलो तसे काकूंनी डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. समीरने आरशात पाहिलं… मला वाटलं, झालं, आता सुरू होणार.

त्याने हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला.

अजून तीन केमो बाकी आहेत. काकू, समीर, तुमचे उपकार मी विसरणार नाही… पण नियम बदलणार नाही.